दगड पुष्कळ, हाडे थोडी

माणूस कुठून आला या विषयावरच्या मराठी पुस्तकाची प्रस्तावना बहुधा आफ्रिकेतून निघते. टांझानियातली ओल्डुवाई घळ, इथिओपियातली ल्युसी, मग जगभरची पांगापांग आणि शेवटी उरलेल्या जागेत भारत. त्यात गैर काही नाही. आपली जात आफ्रिकेत घडली याबद्दल आज अभ्यासकांत फारसे दुमत नाही आणि हे पुस्तकही तेच सांगते. पण ते बडोद्यात लिहिले गेले आहे आणि त्याचे पहिले वाचकही बडोदेकरच असणार, म्हणून मी दुसऱ्या टोकाने निघतो. या शास्त्रातले काही मोलाचे काम जुन्या बडोदे संस्थानाच्या हद्दीत आणि त्याच्या शेजारपाजारी झाले आहे. त्याची हकीकत ऐकली की पुस्तकातला सगळ्यात अवघड प्रश्न आपोआप समोर येतो. पुरावा थोडा असताना किती बोलावे?

रॉबर्ट ब्रूस फूट हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले अधिकारी. ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळच्या पल्लावरम इथे त्यांना माणसाच्या हाताने घडलेला एक दगड मिळाला आणि भारतातल्या अश्मयुगाच्या अभ्यासाला तिथून सुरुवात झाली. १८९१ साली ते सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, तेव्हा सयाजीराव महाराजांच्या सरकारने त्यांना संस्थानच्या जमिनीची पाहणी करण्याचे काम दिले. बडोदे संस्थानच्या भूरचनेवरचा त्यांचा ग्रंथ १८९८ साली निघाला. पाहणी चालली होती खडकांची आणि मातीची. पण फूट यांची नजर एव्हाना तयार झालेली होती. उत्तरेकडच्या प्रांतात साबरमतीच्या पात्रालगत, सादोलिया आणि पेढामली या गावांजवळ, त्यांना क्वार्ट्झाइटची पुराश्मयुगीन हत्यारे मिळाली.

हत्यारांपेक्षा मोलाचे होते ते त्यांनी काठाच्या उभ्या कापात केलेले निरीक्षण. जुनी, ओबडधोबड, हातात धरायची हत्यारे तळाच्या गोट्यांच्या थराशी जोडलेली होती. त्याच्यावर नदीने आणि वाऱ्याने आणून टाकलेला सुमारे दोनशे फूट गाळ. आणि अगदी वर, वाऱ्याने रचलेल्या टेकाडांवर, नखाएवढी बारीक दगडी पाती. मधल्या दोनशे फुटांत काय? फूट यांना तिथे माणसाची खूण दिसली नाही. एवढा गाळ साठायला प्रचंड काळ लागला असणार आणि त्या काळापुरता इथल्या माणसाचा धागा तुटलेला दिसतो, असे त्यांनी लिहून ठेवले. त्यांनी तो धागा कल्पनेने जोडला नाही. पोकळी दिसली तिथे तिची जाडी मोजली आणि पुढच्यांसाठी ती तशीच ठेवली.

ती तपासायला निघाले हसमुख धीरजलाल सांकलिया. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातला हा गुजराती प्राध्यापक १९४१ साली पहिली गुजरात प्रागैतिहासिक मोहीम घेऊन साबरमतीच्या खोऱ्यात उतरला. त्या मोहिमेचा अहवाल १९४६ साली बडोदे संस्थाननेच श्री प्रतापसिंह महाराज राज्याभिषेक ग्रंथमालेत छापला. मोहिमेत महेसाणा भागातले लांघणज हे गाव पुढे आले. तिथल्या एका वाळूच्या टेकाडात बारीक दगडी पाती, जनावरांची हाडे आणि माणसांची दफने मिळाली. १९४४ साली सांकलियांच्या बरोबरीने तिथे खणायला उभ्या होत्या इरावती कर्वे.

इरावतीबाईंना आपण ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून ओळखतो, पण त्यांची विद्यापीठीय तालीम होती माणसाची हाडे मोजण्याची. लांघणजचे सांगाडे त्यांनी आणि मुंबईचे शरीररचनाशास्त्रज्ञ कुरुलकर यांनी तपासले. मृतांना पाय पोटाशी घेऊन कुशीवर निजवलेले होते. आसपास चितळ, बारशिंगा, नीलगाय, रानडुक्कर अशा जनावरांची हाडे होती. त्यांतले एक हाड खास लक्षात ठेवण्यासारखे आहे. ते गेंड्याच्या खांद्याचे, रुंद आणि सपाट असून त्यावर बारीक खळगे पडलेले आहेत. दगडी पाती घडवताना ऐरणीसारखा त्याचा वापर झाला असावा, असा अंदाज आहे. या एका हाडातून दोन गोष्टी कळतात. आज जिथे विहिरीचे पाणी दरवर्षी खाली जाते, त्या उत्तर गुजरातेत तेव्हा गेंड्याला पुरेल एवढे पाणथळ गवत होते. आणि इथले लोक जनावर नुसते खात नव्हते, त्याच्या हाडाचे काय करता येईल हेही त्यांना माहीत होते.

लांघणजच्या वस्तीचा एक टप्पा इसवी सनापूर्वी २०००च्या आसपासचा ठरला आणि तिथे तांब्याची एक सुरीही सापडली. म्हणजे खंभातच्या आखाताजवळ लोथलला विटांची घरे आणि मण्यांचे कारखाने होते, साधारण त्याच युगात दोन-चार दिवसांच्या वाटेवर शिकारी माणसे टेकाडांवर राहत होती आणि त्यांच्यात देवघेव चालत असावी. शिकारी आधी, मग शेतकरी, मग नगरवासी अशी पायऱ्यापायऱ्यांची मांडणी शाळेत आपल्या डोक्यात बसते. लांघणजने तिला मोठे भगदाड पाडले. एकाच प्रदेशात तिघेही शेजारी म्हणून नांदू शकतात.

आणि फूट यांची पोकळी? ती भरू लागली ती साबरमतीवर नव्हे, प्रवरेवर. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, ज्ञानेश्वरी जिथे लिहिली गेली त्या नेवाशात, सांकलियांना १९५४पासूनच्या कामात मधल्या काळाची हत्यारे मिळाली. ती जुन्या हातकुऱ्हाडींहून हलकी, छिलक्यांवर घडवलेली आणि बारीक पात्यांहून थोराड होती. त्यानंतर देशात ठिकठिकाणी मध्य पुराश्मयुगाची स्थळे सापडत गेली. तुटलेला वाटलेला धागा तुटलेला नव्हता, तो एका नदीच्या काठी नजरेआड गेला होता एवढेच. फूट चुकले असे मात्र मी म्हणणार नाही. त्यांच्यापुढच्या कापात जे नव्हते ते त्यांनी नाही म्हणून लिहिले, म्हणूनच नंतरच्यांना काय शोधायचे हे कळले.

हे सगळे वाचताना एक गोष्ट जाणवली असेल. आतापर्यंत दगडांबद्दल भरभरून बोललो, हाडांबद्दल हात आखडता घेतला. भारतीय प्रागितिहासाची ही जुनी अडचण आहे. तमिळनाडूतल्या अत्तिरमपक्कमची हत्यारे सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची असल्याचे शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवून दिले. नर्मदा, गोदावरी, कृष्णा, कोणतेही खोरे घ्या, हातकुऱ्हाडींना तोटा नाही. पण ती घडवणारा कोण होता, त्याचा चेहरा कसा होता, हे सांगणारे हाड जवळपास नाहीच.

त्याची कारणे साधी आहेत. दगड सडत नाही. हाड टिकायचे तर ते चटकन गाडले जावे लागते आणि भोवतालची माती फार आम्लधर्मी असून चालत नाही. आपल्या नद्या पावसाळ्यात गोट्यांचा गाडा लोटत नेतात, त्यात हाडाचा चुरा होतो. उरलेले ऊन, पाऊस आणि वाळवी संपवते. आफ्रिकेतल्या मोठ्या खचदरीत ज्वालामुखीच्या राखेचे थर एकावर एक बसले. त्यांनी हाडे झाकलीही आणि त्यांचे वय मोजायची सोयही करून ठेवली. आपल्याकडे माणसाची हाडे विपुल मिळू लागतात ती शेती करणारी गावे वसल्यानंतर. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला दोनशेहून अधिक दफने मिळाली आणि त्यांतल्या दातांवरून आहार, आजार आणि बालमृत्यू यांचा अभ्यास करता आला. पण इनामगाव फार तर साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे. त्याच्या मागे लाखो वर्षे जवळजवळ कोरी.

त्या कोऱ्या जागेत एकच ठळक नोंद आहे, तीही नर्मदेची. चांदोदला जिच्या काठी बडोद्याची माणसे श्राद्धाला जातात, त्याच नदीच्या वरच्या अंगाला, मध्य प्रदेशातल्या हथनोरा गावी, ५ डिसेंबर १९८२ रोजी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनाकिया यांना गोट्यांच्या घट्ट थरात माणसाच्या कवटीचा वरचा भाग मिळाला. त्यांनी त्याला होमो इरेक्टसची नर्मदेकाठची शाखा मानले. पुढे केनेथ केनेडी आणि इतरांनी मापे पुन्हा घेतली आणि ही कवटी आपल्या जातीच्या जवळच्या, पण आपल्याहून जुन्या माणसाची ठरवली. तिच्या वयाबद्दल आजही एकमत नाही. एवढ्या मोठ्या देशाच्या लाखो वर्षांच्या वस्तीचा भार एका कवटीच्या अर्ध्या तुकड्यावर. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण ते शीत कोणत्या भांड्यातले हे आधी ठरावे लागते.

आता आणखी मागे जाऊ, माणूस नव्हताच त्या काळात. सुरत जिल्ह्याच्या मांगरोळ तालुक्यातली वस्तान ही लिग्नाइटची खाण. तिथल्या कोळशाच्या थरांमध्ये चिकणमातीचे पट्टे होते. त्यांच्याही खाली दख्खनचा काळा पाषाण आहे, सह्याद्रीचा आहे तोच. त्या चिकणमातीत सुमारे ५ कोटी ४५ लाख वर्षांपूर्वीचे प्राणी निघाले. भारत तेव्हा दक्षिणेकडून सरकत येऊन आशियाला नुकता भिडत होता, हिमालय उभा राहायचा होता आणि आजच्या सुरतेच्या जागी उष्ण दमट किनारा होता. २००५पासून या खाणीतल्या नरवानर गणातल्या प्राण्यांची वर्णने प्रसिद्ध होऊ लागली. एकाच्या नावात खंभात आहे, एशियाडॅपिस कॅम्बेएन्सिस. दुसऱ्याच्या नावात गुजरात आहे, अँथ्रासिमियास गुजरातेन्सिस.

ही नावे भारदस्त असली तरी प्राणी तळहातावर मावणारे होते. त्यांचे दात शोधायची रीत अशी. मातीची पोती भरायची, पाण्यात भिजवायची, बारीक जाळीच्या चाळणीतून गाळायची आणि मागे उरलेला चुरा भिंगाखाली दाण्यादाण्याने निवडायचा. त्यातून एखादा दात लाभतो. वस्तानने मात्र दातांपलीकडचे दिले. अशोक साहनी, राजेंद्रसिंह राणा, किशोर कुमार आणि त्यांचे परदेशी सहकारी यांच्या गटाला हातापायांची हाडेही मिळाली आणि अशा पंचवीस हाडांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. एवढ्या जुन्या नरवानरांची इतकी चांगली हाडे क्वचितच मिळतात. त्यांची ठेवण पाहून अभ्यासक म्हणाले, की लेमूरकडे जाणारी वाट आणि माकड, कपी, माणूस यांच्याकडे जाणारी वाट जिथे फुटली, त्या फाट्याच्या हे प्राणी फार जवळचे असावेत. ते आपले थेट पूर्वज होते असे कोणी म्हटले नाही. हा संयम वाचकाने टिपून ठेवावा.

दुसरी जागा कच्छमधली. टप्पर इथे मिळालेल्या वरच्या जबड्याच्या एका तुकड्याचे वर्णन २०१८ साली अनसूया भंडारी आणि सहकाऱ्यांनी केले. वय सुमारे १ कोटी १० लाख वर्षे. दातांची मुळे आणि आतले आवरण क्ष-किरणांनी पाहून त्यांनी तो शिवापिथेकस या कपीचा ठरवला. तोवर हा कपी हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांत माहीत होता. या एका तुकड्याने त्याचा वावर सुमारे हजार किलोमीटर दक्षिणेला आणला. पण शिवापिथेकसच्या कोणत्या जातीचा हा तुकडा, हे सांगण्याइतका तो पुरा नाही. लेखकांनी तिथेच थांबणे पसंत केले.

असे थांबणे या शास्त्राला सहजासहजी जमलेले नाही. त्याची किंमत मोजून झालेली आहे आणि ती हकीकत भारतीय भूमीवरचीच आहे. १९३२ साली अमेरिकेच्या येल विद्यापीठाचा एक तरुण, जी. एडवर्ड लुइस, आजच्या हिमाचल प्रदेशातल्या हरितल्यांगरला आला आणि वरच्या जबड्याचा तुकडा घेऊन गेला. त्याने त्याचे नाव ठेवले रामापिथेकस. साठच्या दशकात एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिलबीम यांनी मांडले, की हा माणसाच्या वंशातला पहिला प्राणी, सुमारे १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचा. सगळा डोलारा दातांच्या कमानीच्या आकारावर उभा होता. माणसाची कमान गोलसर, कपीची इंग्रजी यू अक्षरासारखी. पण तुकड्यात कमानीचा मधला भाग नव्हताच. तो मनाने भरला गेला आणि भरणाऱ्याला गोलसर कमान हवी होती.

१९६७ साली कॅलिफोर्नियात व्हिन्सेंट सॅरिक आणि अ‍ॅलन विल्सन यांनी रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तुलना केली आणि माणूस व चिंपांझी यांच्या वाटा फक्त ५० लाख वर्षांपूर्वी फुटल्या असे सांगितले. हाडेवाल्यांनी त्यांना उडवून लावले. प्रयोगशाळेतल्या लोकांना जीवाश्मांतले काय कळते, असा सूर होता. मग पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर पिलबीम यांच्याच मोहिमेला शिवापिथेकसचा चेहरा मिळाला आणि १९८२ साली त्याचे वर्णन आले. चेहरा सरळ ओरांगउटानच्या वळणाचा. रामापिथेकस म्हणून वेगळे काही उरले नाही, तो शिवापिथेकसमध्येच विरून गेला आणि पिलबीम यांनी आपले जुने मत जाहीरपणे सोडले. आज डीएनएवरून माणूस-चिंपांझी फाटा साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीचा धरतात. या पुस्तकात ते प्रकरण आहे. माझ्या मते ते आधी वाचावे आणि बाकीची नंतर. सुतावरून स्वर्ग कसा गाठला जातो आणि तिथून प्रामाणिकपणे खाली कसे उतरायचे, हे दोन्ही त्यात आहे.

पुस्तक जीवाश्मांवर आहे. त्याला पूरक म्हणून मी एका वेगळ्या पुराव्याकडे बोट दाखवतो, जो खणावा लागत नाही. त्यासाठी खंडेराव मार्केटला जावे. सयाजीरावांनी १९०६च्या सुमारास बांधलेली आणि आपल्या आधीच्या खंडेराव महाराजांचे नाव दिलेली ही इमारत. पुढच्या देखण्या भागात महानगरपालिकेची कार्यालये, मागे भाजी, फळे आणि फुलांचा बाजार. सकाळी तिथे टोमॅटोच्या ढिगापुढे उभ्या असलेल्या कोणत्याही गिऱ्हाइकाकडे नीट पाहा.

ते आधी डोळ्यांनी निवडते. हिरवट बाजूला, तांबडा जवळ. कुत्र्याला, गाईला किंवा बकरीला हा फरक आपल्यासारखा दिसत नाही, कारण त्यांच्या डोळ्यांत रंग टिपणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. आफ्रिका-आशियातली माकडे, कपी आणि माणूस यांच्या पूर्वजात तीन-चार कोटी वर्षांपूर्वी एक जनुक दुपटले. त्या दोन प्रतींपैकी एक हिरव्याकडे झुकली, दुसरी तांबड्याकडे. पानांच्या गर्दीत पिकलेले फळ किंवा कोवळी लालसर पालवी हेरायला हे कामी आले असावे. दोन्ही प्रती एक्स गुणसूत्रावर शेजारीशेजारी आहेत, त्यामुळे त्यांची अदलाबदल होऊन बिघाड होतो. पुरुषांत एक्स गुणसूत्र एकच असल्याने रंगांधळेपणा त्यांच्यात अधिक दिसतो.

मग हात पुढे होतो. भेंडीच्या गाळ्यावर ही परीक्षा उत्तम पाहायला मिळते. चिमटीत भेंडी धरून अंगठ्याच्या नखाने टोक मोडायचे, कट्‌ झाले तर कोवळी, वाकले तर जून. भाजीवाली ओरडते, तरी प्रत्येक जण मोडतोच. या एका कृतीत नरवानर गणाचा अर्धा इतिहास भरलेला आहे. बोटांना नख्यांऐवजी चपटी नखे आहेत, त्यामुळे शेंडे दाबून पाहायला मोकळे. शेंड्यांवर रेषांची पकड आहे आणि स्पर्शाची दाट जाणीव आहे. एवढे माकडालाही आहे. अंगठा मात्र आपला इतका लांब, की त्याचा शेंडा तर्जनीच्या शेंड्याला पुरा टेकतो आणि जोर लावतो. चिंपांझीची बोटे लांब, अंगठा आखूड. त्याला फांदीला लोंबकळता येते, अशी चिमूट नीट साधत नाही. लांघणजच्या टेकाडावर नखाएवढी पाती घडली ती याच चिमटीत.

पुढच्या गाळ्यावर लिंबे आणि हंगामात आवळे. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात, बकरीला आवळ्याची गरज नाही. आपल्याला आहे, कारण ते बनवण्याच्या शेवटच्या पायरीचे जनुक आपल्यात मोडलेल्या अवस्थेत पडून आहे. तसेच ते माकडांत आणि कपींतही मोडलेले आहे. लेमूर ते जीवनसत्त्व अजून बनवतात. म्हणजे हा बिघाड लेमूरची वाट वेगळी झाल्यानंतर, सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी झाला आणि आहारात फळे-पाने भरपूर असल्याने तेव्हा कोणाचे अडले नाही. मोडके जनुक पिढ्यानपिढ्या तसेच उतरत आले. समान पूर्वजाचा याहून चोख पुरावा मला माहीत नाही. उपयोगाचा अवयव दोघांकडे असेल तर योगायोग म्हणता येईल, पण एकच निरुपयोगी मोडतोड दोघांकडे असेल तर ती वारशानेच आलेली असते.

बाजाराचे शेवटचे अंग केवळ माणसाचे आहे. गिऱ्हाईक ‘शुं भाव?’ म्हणून गुजरातीत विचारते, घासाघीस करते, बरोबर आलेल्या नातेवाइकाशी मराठीत सल्लामसलत करते आणि पिशव्या दोन्ही हातांत घेऊन दोन पायांवर घरी चालू लागते. घेतलेले ते एकटे खाणार नसते. चिंपांझी शिकारीचे मांस कधीकधी वाटून घेतात. पण पूर्ण अनोळखी माणसाशी ठरलेल्या दराने देवघेव करायची आणि मिळालेले दूर वाट पाहणाऱ्यांसाठी राखून न्यायचे, ही रीत आपल्या वंशात कधी रुजली हे हाडांवरून कळत नाही. तिथे पुन्हा दगडच मदतीला येतात. हत्याराचा दगड त्याच्या खाणीपासून किती लांब सापडला यावरून माणसांच्या येण्याजाण्याचा अंदाज बांधता येतो.

आता एका नाजूक गोष्टीकडे. माणसाच्या उत्पत्तीचे शास्त्र फार काळ वंशश्रेष्ठत्वाच्या दावणीला बांधलेले होते. कवट्या मोजायच्या आणि माणसांची उतरंड लावायची, हा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला विद्यापीठमान्य उद्योग होता. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करत होत्या. हेच फिशर पुढे नाझी वंशशास्त्राचे मोठे आधारस्तंभ झाले. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतली असमानता युरोपीय लोकांत निराळी असावी आणि तिचे नाते बुद्धीशी असावे, असे त्यांचे गृहीतक होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. वंशावरून फरक पडतो असे आकड्यांत दिसेना. पंचविशीच्या आतबाहेरच्या त्या परक्या मुलीने मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध जाणारा निष्कर्ष प्रबंधात जसाच्या तसा लिहिला आणि १९३० साली पदवी घेऊन त्या परतल्या.

तरी त्या काळाची भाषा सगळ्यांच्याच अंगात भिनलेली होती. लांघणजच्या सांगाड्यांनाही आरंभी वंशाची लेबले लावून पाहिली गेली. पुढे ती पद्धतच मोडीत निघाली, कारण डीएनएने दाखवले की माणसामाणसांतले बहुतेक फरक एकाच समाजाच्या आत असतात, दोन समाजांच्या मधे फार थोडे. आपली जात तीन लाख वर्षांच्या आसपासची. आफ्रिकेबाहेरच्या आपणा सगळ्यांत निअँडरथल माणसाचा एक-दोन टक्के अंश आहे. तो ओळखण्याचे तंत्र उभे करणारे स्वांते पाबो यांना २०२२ साली नोबेल मिळाले. शुद्ध रक्ताच्या गप्पा मारणाऱ्याने, तो कोणत्याही जातीचा वा देशाचा असो, हे आकडे भिंतीला लावून ठेवावेत.

या पुस्तकाची गरज आजच का, असे कोणी विचारेल. एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला आहे. तो बारावीच्या जीवशास्त्रात आहे, पण दहावीनंतर वाणिज्य, कला किंवा आयटीआयकडे वळणारा मुलगा तिथे पोचतच नाही. त्याच्या वाट्याला विषय येतो तो चहाच्या टपरीवरच्या एका प्रश्नातून: माणूस माकडापासून झाला, तर उरलेली माकडे अजून माणूस का होत नाहीत? उत्तर अवघड नाही. आजचे माकड आपला पूर्वज नाही, दूरचा भाऊबंद आहे. त्याचा आणि आपला पूर्वज एक होता, तो आज कुठेच नाही. आपण ज्या काळात बदलत आलो त्याच काळात माकडही बदलत आले, आपापल्या जागी जगायला लायक होत. चुलतभाऊ आपल्यासारखा का झाला नाही, असे कोणी घरात विचारत नाही.

लेखकाने हे सगळे सोप्या मराठीत आणि मीठमसाला न लावता सांगितले आहे. काही प्रकरणे कोरडी वाटतील, विशेषतः कालमापनाची. ती गाळू नयेत. कार्बन-१४ने पन्नास हजार वर्षांपलीकडचे फारसे मोजता येत नाही, त्यामागे वेगळी साधने लागतात. प्रत्येक साधनाची मर्यादा कळल्याखेरीज बातमीतल्या ‘सर्वांत जुना’ या शब्दांची किंमत कळत नाही. प्रत्येक शोधापाशी तीन गोष्टी विचाराव्यात. नेमके काय सापडले, ते कोणत्या थरात होते आणि सांगितलेली गोष्ट त्या वस्तूला पेलते का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आले तर लेखकावरही विश्वास ठेवू नये, प्रस्तावनाकारावर तर नाहीच.

आणि एक विनंती, खास नदीकाठच्या वाचकांना. साबरमती, मही, ओरसंग, नर्मदा यांच्या काठची वाळू उपसली जाते, शेतासाठी टेकाडे सपाट होतात. त्या थरांत अजून काय आहे हे आधी कळण्याचा संभव तिथे काम करणाऱ्या माणसालाच अधिक. कडा झिजलेली, दोन्ही बाजूंनी छिलके काढलेली हातात मावणारी दगडाची वस्तू किंवा जड झालेले हाड दिसले तर ते उचलून घरी नेऊ नये. जागेवरच फोटो काढावा, शेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवावे, वर किती माती आहे ते लिहावे आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला कळवावे. सांकलियांचे शिष्य बेंडापुडी सुब्बाराव यांनी १९५०पासून उभा केलेला हा विभाग आपल्याच शहरात आहे. दिसलेले दहापैकी नऊ दगड साधे निघतील. त्याची लाज वाटू देऊ नये, दहावाही कळवावा.